रिपोर्ट आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह: लाइमच्या चट्ट्यानंतर नेमकं काय समजायचं?

वाचकाचं पत्र : आम्ही न्यू जर्सीत राहतो. घराच्या मागे झाडी आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या यजमानांच्या (वय ४१) गुडघ्यामागे लालसर चट्टा उठला. खाज नव्हती, दुखतही नव्हता. नायटा असेल म्हणून भारतातून आणलेलं मलम लावलं. चार दिवसांत चट्टा तळहाताएवढा झाला, अंगात कणकण आली, जांघेत अवधाण आलं. डॉक्टरांनी नुसतं बघून लाइम (गोचीड चावल्याने होणारा जंतूंचा आजार) सांगितलं आणि दहा दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं. आमच्या आग्रहामुळे रक्त तपासलं, तर निगेटिव्ह. गोळ्या संपल्या, ताप गेला, चट्टाही गेला. पाच आठवड्यांनी दुसरीकडे पुन्हा तपासलं, तर आता पॉझिटिव्ह! म्हणजे औषध लागू पडलं नाही का? थकवा अजून आहे. यांची प्रतिकारशक्ती कमी आहे का? सासूबाई येताना गुळवेल आणणार आहेत, ती द्यावी का? दीर म्हणतात, गावाकडे गुरांना गोचिडी असतातच, कुणाला काही होत नाही. आणि एकदा होऊन गेलं, तर आता पुन्हा होणार नाही ना? आमची सहा वर्षांची मुलगीही त्याच अंगणात खेळते.

उत्तर :

दोन्ही रिपोर्ट बरोबर आहेत. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न पाहता गोळ्या सुरू केल्या, तेही बरोबर होतं. पत्रावरून औषध लागू पडल्याचंच दिसतं. हे तिन्ही एकाच वेळी खरं कसं, ते नीट उलगडून सांगतो, कारण याच गोंधळापायी कित्येक घरांत नको ती औषधं महिनोन्‌महिने चालू राहतात.

लाइमची नेहमीची रक्ततपासणी जंतू शोधत नाही. सुरुवातीच्या दिवसांत रक्तात जंतू इतके विरळ असतात की ते शोधून फारसं हाती लागत नाही. ही तपासणी शोधते ते शरीराने जंतूला दिलेलं उत्तर, म्हणजे प्रतिपिंडं (अँटीबॉडीज). उत्तर तयार व्हायला वेळ लागतो आणि चट्टा त्याच्या आधी उठतो. म्हणून चट्टा ताजा असताना रक्त घेतलं, तर निम्म्याहून जास्त रुग्णांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना याच कारणासाठी सांगतात, की लाइमच्या भागात राहणाऱ्या माणसाला नमुनेदार चट्टा असेल तर रक्त न तपासता उपचार सुरू करावेत.

आता यजमानांच्या गुडघ्यामागे काय घडलं ते पाहू.

मे ते जुलै या काळात चावते ती बहुधा गोचिडीची पिल्ली. आकाराने खसखशीच्या दाण्याएवढी. मोठी मादी तिळाएवढी असते, ती निदान दिसते तरी. पिल्लीच्या लाळेत रक्त गोठू न देणारी आणि त्वचेची चाहूल दाबणारी द्रव्यं असतात, त्यामुळे चावल्याचं कळत नाही. तुम्हाला गोचीड कधी दिसलीच नाही, यात नवल नाही. चट्टा आलेल्या बऱ्याच जणांना चावल्याचं आठवत नाही.

जंतूचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी. मळसूत्रासारखा पिळदार जीव. गोचिडीच्या पोटात असताना त्याच्या अंगावर ‘ओएसपी-ए’ नावाच्या प्रथिनाचं आवरण असतं. गोचिडीच्या पोटात गरम रक्त यायला लागलं, की तो ते उतरवून ‘ओएसपी-सी’ चढवतो आणि पोटातून लाळग्रंथीकडे निघतो. या सगळ्याला वेळ लागतो. गोचीड एका दिवसाच्या आत काढली तर लाइमचा धोका फारच कमी असतो, तो यामुळे. छत्तीस तासांच्या पुढे मात्र धोका वाढत जातो. एवढंच नाही, गोचिडीच्या लाळेतलं एक प्रथिन जंतूच्या या नव्या आवरणाला चिकटतं आणि त्याला प्रतिपिंडांपासून झाकतं. म्हणजे जंतू आपल्या अंगात शिरतो तोच पांघरूण घेऊन.

कातडीत शिरल्यावर तो हळूहळू वाढतो. आतड्यातले साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला निदान आठ-बारा तास लागतात. वाढता वाढता तो चारी बाजूंना सरकतो. कातडीतल्या पहारेकरी पेशी त्याच्या अंगावरची स्निग्ध प्रथिनं ओळखतात आणि रासायनिक हाका घालतात. त्या ऐकून भक्षक पेशी आणि टी-पेशी जमा होतात, इंटरफेरॉन-गॅमासारखी द्रव्यं सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कातडी लाल होते. या जंतूचं स्वतःचं असं विष आजवर सापडलेलं नाही. चट्ट्याचा लाल रंग हा सगळा यजमानांच्या शरीराने दिलेल्या लढ्याचा आहे, आणि कडा दिवसेंदिवस बाहेर सरकते कारण जंतू बाहेर सरकत असतो. कणकण आणि अंगदुखीही त्याच हाकांची. फ्लूसारखं वाटतं, पण नाक वाहत नाही, खोकला नसतो. उन्हाळ्यात असा ताप आला तर अमेरिकेच्या ईशान्य भागात अंग तपासून पाहायलाच हवं.

जांघेतल्या अवधाणाचाही अर्थ आता लागेल. पायाच्या लसिका, म्हणजे ऊतींतला द्रव वाहून नेणाऱ्या नलिका, जांघेतल्या गाठींत उतरतात आणि प्रतिपिंडं बनवायचं काम तिथे सुरू होतं. ती बनवणाऱ्या बी-पेशी झपाट्याने वाढतात, गाठ फुगते. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती कमी आहे का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या चट्ट्यात आणि त्या गाठीतच आहे. ती जागी होती आणि काम करत होती. फक्त कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी आयजीएम जातीची प्रतिपिंडं येतात, चट्ट्यानंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत मोजण्याइतकी होतात. आयजीजी त्यामागून, महिन्याच्या पुढेमागे. तुमची पहिली तपासणी या दोन्हींच्या आधीची. दुसरी नेमकी दोन्ही भरात असतानाची. औषधाने जंतू मेले, तरी बी-पेशींचं सुरू झालेलं काम त्या दिवशी थांबत नाही, प्रतिपिंडं आणखी काही आठवडे वाढू शकतात. उलटही घडतं. गोळ्या फार लवकर सुरू झाल्या, तर जंतू इतक्या चटकन संपतात की प्रतिपिंडं पुरेशी बनतच नाहीत आणि रिपोर्ट कायम निगेटिव्ह राहतो. तेही बरे झालेलेच असतात.

म्हणून ही तपासणी ‘बरे झालात का’ हे सांगू शकत नाही. कृपा करून ती पुन्हा करू नका. प्रतिपिंडं कित्येक जणांत वर्षानुवर्षं टिकतात. दहा-वीस वर्षांपूर्वी लाइम होऊन गेलेल्यांच्या रक्तातही ती सापडली आहेत.

रिपोर्ट हातात आहे, तर तो वाचायचा कसा तेही सांगतो. जुन्या पद्धतीत पहिली चाळणी-तपासणी आणि ती पॉझिटिव्ह आली तरच दुसरी, वेस्टर्न ब्लॉट, जिच्यात जंतूच्या एकेका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं पट्ट्यांच्या रूपात दिसतात. ब्लॉटमध्ये आयजीएमच्या ३ पैकी २ पट्टे किंवा आयजीजीच्या १० पैकी ५ पट्टे उमटले तर पॉझिटिव्ह धरतात. २०१९ पासून ब्लॉटऐवजी दोन वेगवेगळ्या चाळणी-तपासण्या करायलाही अमेरिकेत मान्यता आहे. ४१ क्रमांकाचा पट्टा जंतूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा. तसं प्रथिन इतर अनेक जंतूंत असतं, त्यामुळे लाइम नसलेल्या माणसातही तो एकटा उमटतो. त्यावरून काही ठरवायचं नाही. आयजीएम फक्त आजाराच्या पहिल्या ३० दिवसांत धरायचं. वर्षभराने कुणी नुसतं आयजीएम दाखवून ‘अजून लाइम आहे’ म्हणालं, तर ते मानू नका.

आता मलमाबद्दल, कारण हे आपल्या घरांत फार होतं. भारतात नायट्यासाठी सर्रास मिळणाऱ्या ट्यूबांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइडही असतं. स्टिरॉइड नेमकी तीच स्थानिक फौज दाबतं जिच्यामुळे चट्टा लाल दिसतो. चट्टा फिका पडतो, जंतू तिथेच राहतो आणि डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही. नायटा आणि हा चट्टा यांत फरक करणं अवघड नाही. नायट्याच्या कडेला कोंडा असतो, बारीक पुटकुळ्या असतात, तो खाजतो आणि आठवड्या-आठवड्यांनी पसरतो. लाइमचा चट्टा गुळगुळीत असतो, सहसा खाजत नाही आणि दिवसागणिक वाढतो, ५ सेंटिमीटरच्या पुढे जातो, कधी ३० पर्यंतही. चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत येतो, बहुधा आठवड्याच्या आसपास. चावल्यावर एक-दोन दिवसांतच रुपयाएवढी लाली आली आणि ओसरली, तर ती लाळेची ॲलर्जी. आणखी एक. पुस्तकांतली चित्रं गोऱ्या कातडीवरची असतात, मधे पांढरं वलय असलेली, नेमबाजीच्या निशाणासारखी. प्रत्यक्षात अमेरिकेतले बरेच चट्टे सलग एकाच रंगाचे असतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ते तांबूस-जांभळट दिसतात, मुका मार लागल्यासारखे. वलय नाही म्हणून लाइम नाही, असं धरून बसू नका.

औषध दिलं ते पुरेसं होतं. मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. ते चालत नसेल तर अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम तीनदा, १४ दिवस. चट्ट्याच्या टप्प्यावर याहून लांब कोर्सचा जास्त फायदा दिसलेला नाही. बिघडतं ते घेण्यात. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर त्यांना बांधलं जाऊन आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं लागतं. हळदीचं दूधही त्याच वेळी नको. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडतो. उन्हात कातडी भाजते. पहिल्या दिवशी काहींचा ताप आणि चट्टा उलट वाढतो. मरणाऱ्या जंतूंचे तुकडे एकदम समोर आल्यामुळे शरीर खवळतं. ते दिवसभरात ओसरतं, औषध थांबवायचं नसतं.

गोळ्या सुरू झाल्यावर दोन दिवसांनीही ताप उतरला नसता, तर वेगळा विचार करावा लागला असता. याच गोचिडीतून बॅबेसिया नावाचा, मलेरियासारखा तांबड्या पेशींत राहणारा परजीवी येऊ शकतो आणि तो नुसत्या डॉक्सिसायक्लिनने जात नाही. ॲनाप्लाझ्मा हा तिसरा पाहुणा. त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, पण तो डॉक्सिसायक्लिनला दाद देतो. यजमानांचा ताप गेला, म्हणजे इथे घोर नाही.

थकव्याचं म्हणाल, तर तो खरा आहे, मनाचा खेळ नाही. बहुतेकांचा काही आठवड्यांत ओसरतो. उपचार झालेल्यांपैकी ५ ते १० टक्क्यांना मात्र थकवा, अंगदुखी, लक्ष न लागणं सहा महिन्यांहून जास्त रेंगाळतं. असं का, याचा शोध अजून चालू आहे आणि संशयाची सुई प्रतिकारयंत्रणेवर आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चट्ट्याच्या वेळी ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडं बनवणाऱ्या ताज्या पेशी भरपूर होत्या, त्यांची लक्षणं लवकर गेली, असं आढळलं. सांध्यांच्या बाबतीत जंतूच्या भिंतीचे मेलेले तुकडे सांध्यात उरून दाह चालू ठेवतात, असाही पुरावा आहे. मेलेल्या तुकड्यांवर अँटिबायोटिक काय करणार? रेंगाळलेल्या लक्षणांसाठी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन पाहण्याच्या चाचण्या अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये झाल्या. टिकाऊ फायदा मिळाला नाही. शिरेतून औषध घेणाऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या आणि जंतुसंसर्ग यांचे गंभीर त्रास मात्र झाले. यजमानांना झोप भरपूर, चालणं थोडं थोडं वाढवत न्यायचं. दोन महिन्यांनीही फरक नसेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व पाहून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचंच, आणि तो थकवा उगीच लाइमच्या खात्यावर मांडला जातो.

सासूबाईंची माया समजते, पण गुळवेल देऊ नका. इथे प्रतिकारशक्ती अपुरी पडलेली नाही, ती तापलेली आहे आणि निवतेय. त्यातून २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांत यकृतदाह झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि तो दाहही प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखा होता. लाइमच्या सुरुवातीला यकृताचे आकडे मुळातच थोडे वाढलेले असू शकतात. त्यांनी मेतकूट-भात करून घालावा, तो चालेल.

दिरांचंही बरोबर आहे, फक्त गोचीड वेगळी. न्यू जर्सीतली काळ्या पायांची गोचीड महाराष्ट्रात नाही. गुरांवरच्या आपल्या गोचिडी दुसऱ्या जातींच्या. पण ‘कुणाला काही होत नाही’ हे सिंधुदुर्गात म्हणू नका. दोडामार्ग-बांदा भागात आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जंगलातल्या गोचिडीतून माकडताप येतो. तो विषाणूचा आजार, त्यावर डॉक्सिसायक्लिनचा उपयोग नाही.

पुन्हा होईल का? हो, होऊ शकतो, आणि हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं. एकदा गोवर झाला की जन्माची सुटका, तसं इथे नाही. यजमानांची प्रतिपिंडं मुख्यतः या जंतूच्या ओएसपी-सी आवरणावर बेतलेली आहेत, आणि अमेरिकेच्या ईशान्येत त्या आवरणाचे डझनाहून जास्त प्रकार फिरतात. पुढच्या गोचिडीत वेगळा प्रकार असला की जुनी प्रतिपिंडं तो ओळखत नाहीत. ज्यांना पुन्हा चट्टा आला त्यांच्या जंतूंची तुलना २०१२ साली प्रसिद्ध झाली. दरवेळी प्रकार वेगळा निघाला, म्हणजे जुना आजार उलटला नव्हता, नवी गोचीड चावली होती. जंतूकडे आणखी एक युक्ती आहे. तो अंगावरचं एक प्रथिन, व्हीएलएसई, चालू आजारातच सतत बदलत राहतो. आणि उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं, की लसिकागाठींत जिथे बी-पेशी उत्तम प्रतिपिंडं घडवायला शिकतात, ती केंद्रं या जंतूच्या संसर्गात लवकरच कोसळतात.

यातून अंगण सोडायचं कारण नाही. गवत आणि झाडी यांच्यामध्ये तीन फूट रुंद लाकडाच्या ढलप्यांचा किंवा खडीचा पट्टा टाका, गोचिडी कोरडा पट्टा ओलांडायला कचरतात. बागकामाच्या कपड्यांवर आणि बुटांवर ०.५ टक्के परमेथ्रिन फवारा, कातडीवर नाही. आत आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं, मग धुवायला. नुसत्या धुण्याने गोचिडी मरतीलच असं नाही. दोन तासांच्या आत आंघोळ. मुलीला आंघोळ घालताना बोटांनी चाचपून पाहा : गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, बेंबीत, कानांमागे, चड्डीच्या इलॅस्टिकखाली, आणि वेणी सोडून केसांच्या मुळाशी. खसखस हाताला खरखरीत लागते, डोळ्यांना दिसेलच असं नाही.

सापडली, तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून डोक्याशी पकडायची आणि सरळ, सावकाश, न पिळता वर ओढायची. तेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी यांतलं काही नको; गोचीड सुटायची वाट बघण्यात वेळ जातो आणि जंतूला तेवढाच वेळ मिळतो. काढलेली गोचीड चिकटपट्टीवर लावून तारीख लिहून ठेवा. पोट फुगलेलं असेल, ३६ तासांहून जास्त चिकटलेली असावी असं वाटत असेल, आणि काढून ७२ तास उलटले नसतील, तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देऊ शकतात : मोठ्यांना २०० मिलिग्रॅम, मुलांना किलोमागे ४.४ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २००. दात पिवळे पडतील ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनची. डॉक्सिसायक्लिनच्या एका डोसाला तिच्यामुळे नाही म्हणायचं कारण नाही.

यजमानांच्या बाबतीत, चेहऱ्याची एक बाजू पडली, छातीत धडधड होऊन चक्कर आली, मान आखडून डोकं ठणकायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही महिन्यांनी एखादा गुडघा सुजून मोठा झाला तर दाखवा. त्यांच्या फाइलमध्ये चट्ट्याची तारीख, गोळ्यांच्या तारखा आणि दोन्ही रिपोर्ट एकत्र लावून ठेवा, कारण आता त्यांचं आयजीजी बरीच वर्षं पॉझिटिव्ह राहू शकतं आणि पुढच्या वेळी रक्तावरून जुनं-नवं ओळखता येणार नाही. पुढच्या जूनमध्ये कुणाच्याही अंगावर असा डाग दिसला, तर मलम लावायच्या आधी कडेने पेनाने रेघ मारा, शेजारी क्वार्टरचं नाणं ठेवून फोटो काढा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात पुन्हा बघा. लाली रेघेच्या बाहेर गेली असेल, तर तोच फोटो डॉक्टरांना पाठवा.